वहाणांना घर दिसायला हवं

सदामास्तरांच्या घरी गेलेला माणूस निघताना नेहमी पाठमोरा निघतो. यात मास्तरांविषयीचा आदर वगैरे काही नाही. आपण सोप्याच्या पायरीशी वहाणा काढतो, आत जाऊन बाकावर बसतो, आणि मास्तर "बस हां, इलंय," म्हणून बाहेर जातात. बाहेर जाऊन ते आपल्या वहाणांची जोडी नीट जुळवतात आणि त्यांची तोंडं घराकडे करतात. झालं. निघताना आपण उलटं वळायचं, दाराची चौकट धरायची आणि बैलाला गाडीला जुंपताना मागे सारतात तसं मागे सरकत त्या वहाणांत शिरायचं. पेडण्यात आमच्या वाड्यावर ही कसरत पोराटोरांनाही येते. नवखा माणूस मात्र एकदा तरी तुळशीपर्यंत धडपडत जातो.

मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये दगडांचा एक गडगा आहे, तोही मास्तरांच्या बाजूने ढासळलेला. मी वीज खात्यात कारकून आहे, तेव्हा असल्या गोष्टींवर माझा विश्वास असण्याचं कारण नाही. एकदा विचारलंच, "मास्तर, हे कशासाठी?"

"व्हाणांका घर दिसाक व्हया रे वसंत. घर दिसला तर माणूस रवता. रस्तो दिसलो तर जाता."

ही त्यांच्या आईची शिकवण. पाहुणा आला की ती माउली दोन्ही मुलांना डोळ्यांनी खूण करायची आणि सदा आणि धाकटा पुंडलिक वहाणा फिरवायला शर्यत लावून पळायचे. पाहुणे खरोखरच राहायचे. आता ते वहाणांमुळे राहायचे की माउलीच्या तिसळ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्यामुळे, हे मला विचाराल तर मी दुसऱ्या बाजूने मत देईन.

याची उलट बाजूही होती. मास्तरांना नकोसा माणूस आला की त्याच्या वहाणा ते रस्त्याकडे तोंड करून ठेवत. एका विमा एजंटाच्या बुटांची तोंडं चहा येण्याआधीच फिरली होती. निवडणुकीत मतं मागायला आलेल्यांचे तर पाय वाजले की मास्तर आधी पायरीशी जाऊन उभे राहत.

दुसरी खोड म्हणजे त्यांचा एक प्रश्न. कोणाही माणसाचं नाव काढा, मास्तर विचारणार, "पायात काय?" नवा मामलेदार आला, पायात काय? अमक्याच्या मुलीला स्थळ आलंय, मुलगा बँकेत आहे. बँक र्‍हवांदे, पायात काय? त्यावरून ते माणूस जोखत, आणि मुख्य म्हणजे पुष्कळदा चुकत. चुकल्याचं त्यांना वाईट वाटत नसे. "तेणा त्या दिवशी दुसऱ्याचे घातलेले आसतले," म्हणत आणि पुढच्या माणसाच्या पायांकडे वळत.

मास्तरांनी लग्न केलं नाही. आई गेली. पुंडलिक वास्कोला बंदरात नोकरीला लागला, तिथेच त्याने बिऱ्हाड केलं. वर्षातून एकदा, चतुर्थीला, तो काळे बूट वाजवत यायचा. आला की बूट कोपऱ्यात आणि पायात त्याच्या गावातल्या जुन्या वहाणा. त्या सोप्यावर त्याची वर्षभर वाट पाहत असायच्या.

मग ते भाषेचं वर्ष आलं. गोव्याचं राज्य व्हायचं होतं आणि राज्याची भाषा कोणती, यावरून माणसं एकमेकांच्या ओटीवर चढेनाशी झाली होती. मास्तर मराठी शाळेतले, त्यामुळे मराठीचे. पुंडलिकाने वास्कोत कोकणीच्या कागदावर सही केलेली. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, नेवऱ्या खाता खाता, हे निघालं. मी गडग्याच्या अलीकडून सगळं ऐकलं. दोघेही इतकं एकाच बोलीत भांडले की ती मराठी म्हणावी की कोकणी, हे मला आजही सांगता येणार नाही. शेवटी पुंडलिक बूट घालून निघाला. "ह्या घरात परत पाय ठेवचंय नाय," म्हणाला. मास्तर म्हणाले, "ठेव नको." लेस न बांधताच तो गेला. लेस नीट बांधणं त्याला तसंही कधी जमलं नव्हतं.

पुढे राज्य झालं. कोकणी राजभाषा झाली, मराठीचीही काय ती सोय लागली. माणसं पुन्हा एकमेकांच्या ओटीवर चढू लागली. पुंडलिक मात्र तीन चतुर्थ्या आला नाही. त्याच्या वहाणा सोप्यावर घराकडे तोंड करून तशाच होत्या. मास्तर रोज त्या पुसत, आणि मी बघतोय असं दिसलं की "धूळ फार येता रे हय," म्हणत.

अशात पणजीच्या संग्रहालयातली एक बाई जीप घेऊन आमच्याकडे आली. पादत्राणं आणि त्यांचे अर्थ, असं प्रदर्शन भरवायचं होतं. कोणाकडे जुन्या खडावा, चढाव, काही आहे का? लोकांनी तिला मास्तरांकडे पाठवलं, दुसरं कोणाकडे पाठवणार? मास्तरांनी तिच्या चपला आत तोंड करून ठेवल्या, तिला दीड तास बसवून घेतलं आणि पुंडलिकाच्या वहाणा तिच्या हातात दिल्या. अटी दोन. चिठ्ठीवर मालकाचं नाव हवं, पुंडलिक, मुक्काम वास्को. आणि प्रदर्शनाचं आमंत्रण त्या पत्त्यावर जायला हवं, संग्रहालयाच्या शिक्क्यासह.

ती गेल्यावर मी म्हटलं, "मास्तर, चार ओळी स्वतः लिहिल्या असत्या तर?"

"माझ्या पत्राक तो येवचो नाय. सरकारी आमंत्रण मोडूचो नाय."

मे महिन्यात, प्रदर्शन सुरू होऊन दहाएक दिवसांनी, आम्ही दोघे पणजीला गेलो. बसमध्ये पुढच्या बाकावरच्या माणसाच्या पायातही मास्तरांनी पाहिलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं की म्हातारा घाबरलाय.

दालनाच्या दाराशी मास्तरांनी वहाणा काढल्या. मी म्हटलं, इथे काढायच्या नसतात. ते म्हणाले, आत इतक्या लोकांच्या व्हाणा मांडल्यात, त्यांच्यासमोर आपण घालून फिरायचं? मग मीही काढल्या. आमच्यामागून आलेल्या डिचोलीच्या एका कुटुंबाला वाटलं नियमच असेल. बघता बघता दाराशी ढीग झाला आणि मास्तर वाकून एकेक जोडी आत तोंड करून लावू लागले.

आत बरंच काही होतं. भटजींच्या खडावा, कुणा पोर्तुगीज बाईची घरात घालायची रेशमी चिनेलं, खाणीतल्या माणसाचे तांबड्या मातीने माखलेले गमबूट. प्रत्येकाखाली अर्थ लिहिलेला. कशाचा अर्थ मान, कशाचा सत्ता, कशाचा श्रम. मास्तर कुठेच थांबले नाहीत. थेट शेवटच्या चौथऱ्याशी गेले. पुंडलिकाच्या वहाणा दोरीपलीकडे होत्या, आणि बाकी सगळी पादत्राणं लोकांकडे तोंड करून असताना या एकट्याच आत, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

मी राखणदाराला हटकलं. "ही जोडी उलटी का ठेवलीय?"

तो आधीच दारातल्या ढिगावरून वैतागलेला होता. "हांवें ना दवरली," तो म्हणाला. "गेल्या आयतारा एक जाण आयिल्लो." त्या माणसाने म्हणे दोरीखालून हात घातला आणि वहाणा फिरवल्या. याने त्या सरळ केल्या. तासाभराने बघतो तर तो माणूस परत तिथेच आणि वहाणा परत भिंतीकडे. हटकलं तर म्हणाला, ह्यो म्हज्योच. चिठ्ठीवरचं नाव दाखवलं. मग याने नाद सोडला.

मास्तर दोरीला धरून उभे होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "पायात काय?"

"काळे सापात," राखणदार म्हणाला, म्हणजे बूट. "लेशी सुटिल्ल्यो. पडशी म्हूण सांगलें ताका."

मास्तरांनी मान हलवली आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. बराच वेळ पुसला. मला इतकं भरून आलं की मी गमबुटांखालचा अर्थ परत एकदा वाचून आलो.

बसस्टँडवर पेडण्याची गाडी लागलेली होती. मास्तर तिच्याकडे न जाता म्हणाले, "तू जा. संध्याकाळी तुळशीकडे दिवो लाव. मी वास्कोक जातंय."

"जाऊन काय बोलणार?"

"कायच नाय. भायर व्हाणा काढतलंय आणि आत बसतलंय. मगे भायर येवन बघतलंय, तेंची तोंडा खंय आसत ती."

मी तुळशीकडे दिवा लावला. दुसऱ्या दिवशीही लावला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी दुपारी मी नाक्यावर होतो आणि पणजीची बस थांबली. मास्तर उतरले. पायात दोन बोटं मोठे काळे बूट, लेस दोन्ही बाजूंना लोंबत होत्या.

आयुष्यात एकदा मला संधी मिळाली होती. मी विचारलं, "मास्तर, पायात काय?"

"पुंडूचे सापात."

"आणि तुमच्या वहाणा?"

"लपयल्यान," मास्तर म्हणाले. "तीन दिस सोधलंय. घरातली सगळी हसतत, पण कोण सांगना नाय." मग थोडं पुढे चालून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "चवथीक स्वता घेवन येतलंय म्हणता."

चतुर्थीला अजून चार महिने होते. सोप्याच्या पायरीशी मास्तरांनी ते बूट काढले, जोडी जुळवली आणि त्यांची तोंडं घराकडे केली. लेस मात्र बांधल्या नाहीत.