दोन बोटं माया

मास्तरांचा पारा एरवी दुपारनंतर चढायचा. त्या दिवशी मेहुण्याने तो सकाळीच चढवला. कापड बेतायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून त्याने विचारलं, "दाजी, तुम्ही साधारण किती वयापर्यंत जगाल?"

"साधारण?" मास्तर कडाडले. त्यांच्या दुकानात या शब्दाला बंदी होती. साधारण माप सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला ते पायरीवरूनच परत पाठवत.

"तसं नव्हे, दाजी. साठीला पेन्शन सुरू होणार. ती किती वर्षं पुरवायची, त्यावरून आत्ता महिन्याला किती भरायचं ते निघतं."

पेन्शनची कल्पना मास्तरांचीच. हल्ली सुईत दोरा ओवताना त्यांची चिडचिड व्हायची, आणि डोळे गेल्यावर शिंप्याला कोण पोसणार, हा विचार पाठ सोडत नसे. त्यांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर आपटली. "वडील पंच्याऐंशीला गेले. धर पंच्याऐंशी."

मेहुण्याने रक्कम सांगितली.

"महिन्याला? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? कमी कर!"

"रक्कम कशी कमी करू? वय कमी करावं लागेल."

"मग वय कर कमी! अठ्ठ्याहत्तर. तरी एवढी? पंच्याहत्तर. अरे काप, काप! बहात्तर!"

बहात्तरला रक्कम खिशात बसली. आयुष्याचा एवढा तुकडा कापून टाकल्याचं मास्तरांना काडीचंही वाईट वाटलं नाही. बेत चोख उतरला होता.

कोपऱ्यात स्टुलावर बायको हातशिलाई करत होती. तिने मान वर केली नाही. "आणि मी?"

"तू काय?"

"तुम्ही जाल तेव्हा मी पासष्टची. पुढे?"

मास्तर गडबडले. हिला हिशेबात धरायचं राहूनच गेलं होतं. गडबडले की ते चिडत, आणि चिडले की तोंडाला येईल ते बोलत. "मग तूही आटप ना तेवढ्यात!"

सुई थांबली. मेहुण्याने लॅपटॉपमध्ये तोंड खुपसलं. बहिणीला तो लहानपणापासून ओळखत होता.

"आटपू? स्वयंपाक आहे का तो? परक्यांच्या कपड्यांत दोन दोन बोटं माया ठेवता, का तर उद्या अंगाने भरले तर उसवून सैल करता यावं. आणि बायकोच्या म्हातारपणात अर्धं बोटही माया नाही? या स्टुलावर फुकट राबून कुबड आलंय मला!"

"माया ठेवायला पैसे लागतात!" मास्तर गरजले.

ट्रायलरूमचा पडदा सर्रकन बाजूला झाला. आत काळा कोट घालून बघणाऱ्या वकीलबाई एकाच बाहीनिशी बाहेर आल्या. टाचण्या टोचत होत्या, पण त्यांच्याने राहवलं नाही. "शोभतं का, मास्तर? बायकोवर माया करायला पैसे लागतात?"

"अहो, ती माया नव्हे! शिवणीतली..."

"मी सगळं ऐकलंय. यांना नव्वदपर्यंत मिळालंच पाहिजे. मी यांच्या बाजूने."

"धर रे नव्वद!" मास्तर ओरडले. "हिला नव्वद, मला बहात्तर. झालं समाधान?"

"नाही झालं!" बायको ताडकन उठली. "मग तेवढी वर्षं मी भांडू कुणाशी? भिंतीशी? मी नव्वदची होईन तेव्हा हे सत्त्याण्णवचे. यांना सत्त्याण्णव धर. एक दिवस कमी करायचा नाही!"

मास्तरांनी ओरडायला तोंड उघडलं, पण यात रागावण्यासारखं काय आहे ते त्यांना चटकन सापडेना. मेहुण्याने नवी रक्कम अगदी हळू आवाजात सांगितली.

वकीलबाई समाधानाने कोट उतरवू लागल्या. "गुरुवारी न्यायला येते. शिलाई ठरलीय तेवढीच ना?"

"ती बहात्तरच्या हिशेबाने होती," मास्तर म्हणाले. "आता सत्त्याण्णव झालंय."

"हा कुठला न्याय?" वकीलबाई भडकल्या.

"आत्ताच तुम्ही मिळवून दिलात तो."

कोपऱ्यात बायकोने दाताने दोरा तोडला. "आणि हातशिलाईचे वेगळे. ते माझ्या हातात द्यायचे."