फौजदार दिग्विजयची हरकत

सिनेमातल्या नायकाच्या पुरुषत्वावर पीएच.डी. करायची तर त्याच नायकाचं ना-हरकत पत्र लागतं, म्हणून सुनीती घोडेरावच्या मौखिक परीक्षेला फौजदार दिग्विजय पडद्यावरून उतरून आला होता. सहा वर्षं खपून लिहिलेला तिचा प्रबंध त्याच्या एका सहीसाठी अडला होता.

तो स्लो मोशनमध्ये चालत असल्यामुळे दारापासून खुर्चीपर्यंत यायला त्याला अकरा मिनिटं लागली. समितीतली तिन्ही पुरुषमंडळी तेवढा वेळ अदबीनं उभी राहिली. सुनीती आली तेव्हा कचोरीवरून कुणी मानही वर केली नव्हती.

"चौथं प्रकरण काढा," दिग्विजय म्हणाला. "मी म्हणे आईला घाबरतो."

"आईला नाही, मायेला," सुनीती म्हणाली. "एक्केचाळीस माणसं लोळवलीत तुम्ही. आईजवळ दोन मिनिटं बसला नाहीत. ती मेल्यावर आठवली, तीही बदला घ्यायला कारण हवं म्हणून."

मार्गदर्शक डॉ. चौबळ खाकरले. "अगं, काढून टाक ना. मनोविश्लेषण काय, कुणाच्याही माथी मारता येतं." हेच प्रकरण त्यांनी एका परिसंवादात स्वतःच्या नावावर वाचलं होतं, ते सांगायचं तेवढं राहून गेलं.

सुनीतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज न चढवता ती दिग्विजयकडं वळली.

"काढते. फक्त तुमच्या आईचं नाव सांगा."

दिग्विजयनं समितीकडं पाहिलं. तिघांनीही तो सिनेमा दहा-दहा वेळा पाहिला होता. एकालाही नाव सांगता येईना, कारण सिनेमात ते कुणी ठेवलंच नव्हतं. दिग्विजय टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडला. मग नाक पुसून त्यानं पत्रावर सही केली.

"प्रकरण राहू द्या, ताई," तो म्हणाला.

अध्यक्ष डॉ. निगुडकरांनी सही चष्म्याजवळ धरली. "प्रबंधातला नायक रडत नाही. पान सत्तावीस, तुम्हीच लिहिलंय. म्हणजे हा तो नव्हे. न रडणाऱ्याची सही आणा."

"तो आता नाही, सर."

"मग विषयच उरला नाही."

सहा वर्षं पाण्यात गेली. निगुडकरांनी विषयबदलाचा अर्ज पुढं सरकवला. सुनीतीनं नवा विषय लिहिला: 'मौखिक परीक्षा समितीचं पुरुषत्व'.

निगुडकरांनी तो दोनदा वाचला. नियमात बसत होता. त्यांनी मंजुरीची सही केली आणि तिघांनीही पोटं आत घेतली.