वाघाला सुचवलेल्या रहस्यकादंबऱ्या

एका जंगलात, मुलांनो, एक वाचनालय होतं. हसू नका. तुमच्या गावात नाही, म्हणून जंगलातही असू नये असं थोडंच आहे?

ते मंदाकिनी नावाची हरिणी चालवायची. तिला रहस्यकादंबऱ्यांचं वेड होतं. एकदा कादंबरीत नाक खुपसलं की तिला ना चरायचं भान राहायचं, ना वाऱ्यावर कुणाचा वास येतोय याचं. म्हणून एका दुपारी वाघ थेट पुढ्यात येऊन उभा राहिला, तरी तिला कळलं नाही.

वाघ खाकरला. मंदाकिनीने मान वर केली. आता पळण्यात अर्थ नव्हता.

"महाराज, थोडीच पानं राहिलीत," ती म्हणाली. "खुनी कळला की खा."

वाघाने आजवर पुष्कळ जणांना मारलं होतं. पण मारलं कोणी, असा प्रश्न कधी कुणाला पडला नव्हता. त्याने विचारलं, भानगड काय आहे. मंदाकिनीने सांगितलं की गढीत सरदार मरून पडलाय, पाठीत सुरा आहे आणि दाराला आतून कडी आहे.

"आतून?" वाघ म्हणाला. "मग मारणारा गेला कुठून?"

"तेच तर," मंदाकिनी म्हणाली.

वाघ खाली बसला. तो बसला आणि मंदाकिनीच्या जिवात जीव आला. तिने पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. शेवट दुसऱ्याकडून ऐकण्यात मजा नसते, पहिल्यापासून वाचा, म्हणाली. वाघ पुस्तक तोंडात धरून गुहेत गेला. त्याला जोडाक्षरं जड जायची, त्यामुळे बरेच दिवस बाहेर आला नाही. भूक लागली तर समोरून जाईल तो बेडूक उचलायचा आणि पान उलटायचा.

पुस्तक संपल्यावर तो परत आला, तो दुसरं मागायलाच. मग काय, जो तो त्याला वाचनीय कादंबऱ्या सुचवू लागला. चांगली कादंबरी कोणती, यावर जंगलात कधी नव्हे ते एकमत झालं. जी जाड ती. रानडुकराने तर पुस्तक देण्याआधी त्यातली मधली पानं खाऊन टाकली. वाघ त्या पानांत काय झालं असेल याचा विचार करत पडून राहिला, आणि पाणवठ्यावर पाडसं निवांत पाणी पिऊ लागली.

हाल झाले ते भार्गवपंत कोल्ह्याचे. पंत म्हणजे जंगलातले नामवंत समीक्षक. ते पहिलं पान वाचायचे, मागचं कव्हर वाचायचे आणि 'खिळवून ठेवणारी कादंबरी' असा अभिप्राय द्यायचे. पोट मात्र वाघाच्या उष्ट्यावर चालायचं. आता बेडकाचं उष्टं ते कितीसं उरणार? पंतांच्या बरगड्या दिसू लागल्या. वाघाचा वाचनातला रस मारला तर तो शिकारीला निघेल, असा त्यांनी हिशेब केला.

ते गुहेत गेले. वाघ कादंबरीच्या ऐन मध्यावर होता.

"महाराज, कशाला शिणता?" पंत म्हणाले. "खून माळ्याने केलाय."

वाघाने पानाचा कोपरा दुमडला. पुस्तक शांतपणे बाजूला ठेवलं. मग त्याने पंतांना खाल्लं.

जेवण झाल्यावर त्याने उरलेली कादंबरी वाचली. माळ्याने काहीच केलं नव्हतं. पुढच्याच प्रकरणात त्या बिचाऱ्याचाही खून झाला होता. वाघाला फार वाईट वाटलं. तो पडलेल्या चेहऱ्याने वाचनालयात गेला आणि मंदाकिनीला म्हणाला, की रागाच्या भरात आपल्या हातून एक समीक्षक गेला.

"पुस्तक न वाचता बोलला होता," तो म्हणाला.

मंदाकिनीने त्याची समजूत काढली. असं होतं कधी कधी, म्हणाली. मग तिने त्याला आणखी जाड कादंबरी दिली.

पंतांची शोकसभा झाली. त्यांची जागा तरसाला मिळाली. तरसाला अक्षरओळखच नाही, त्यामुळे शेवट फुटायची भीती नाही. तो प्रत्येक पुस्तकाला 'खिळवून ठेवणारी' म्हणतो, आणि जंगल समाधानी आहे.

तात्पर्य: 'वाचाल तर वाचाल' असं शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका, मुलांनो. तुम्ही नाही वाचलंत तरी चालेल. वाघ वाचतोय ना, तेवढं बघा.