कृष्णातरावांची शेवटची इच्छा

हौसेराव निकमांना बोलायला शिकायची गरज आहे, असं सानपाड्यात कुणी म्हटलं असतं तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच डॉक्टरकडे नेलं असतं. हौसेराव मार्केटमध्ये हमालांच्या टोळीचे मुकादम. एका गाळ्यावर उभं राहून त्यांनी "उतरवा रे" म्हटलं की पलीकडच्या चार गाळ्यांवरचीही पोती खाली यायची. फोन घरी आला तेव्हा बाळाबाई म्हणाल्या होत्या, "कशाला पैसे घालवताय? गावाकडं तुमी नुसतं खिडकीतनं बोला."

पण हातात माईक आला की हा माणूस संपायचा. मुलीच्या, तेजश्रीच्या साखरपुड्यात ते सगळ्यांनी बघितलं. व्याही मुख्याध्यापक. त्यांनी पाऊण तास भाषण ठोकलं आणि माईक हौसेरावांकडे दिला. हौसेरावांनी त्यावर टिचकी मारली, "हॅलो" म्हणाले आणि उभे राहिले. इतका वेळ उभे राहिले, की स्वयंपाक्यांना वाटलं हीच पंगत वाढायची खूण. मठ्ठा फिरला, जिलबी फिरली, हौसेराव उभेच.

लग्न तीन महिन्यांवर होतं. अशात दूधकेंद्राच्या भिंतीवर त्यांना कागद दिसला : 'सुवाणी वक्तृत्व मंडळ. नवा अभ्यासक्रम, "धीट बोला". दहा रविवार. माहिती सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, समाजमंदिरात. प्रात्यक्षिक : कल्पित प्रसंगावर खऱ्यासारखं बोलणे, प्रत्येकी दोन मिनिटं.'

"कल्पित म्हणजे खोटं ना?" बाळाबाईंनी विचारलं.

"खोटंच, पण खऱ्यासारखं."

"मग जमंल तुमाला," बाळाबाई म्हणाल्या.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून हौसेराव दहाला पाच कमी असतानाच समाजमंदिरात हजर. खालच्या हॉलचं दार सताड उघडं. आत पाहतात तर काय तयारी! पांढऱ्या चादरी, उदबत्ती, समोर टेबलावर एका म्हाताऱ्याचा हार घातलेला फोटो. माणसंसुद्धा पांढऱ्या कपड्यांत. 'मंडळ खर्चाला मागंपुढं बघत नाही,' हौसेराव मनाशी म्हणाले. मंडळाची सभा वरच्या मजल्यावर होती. तशी पाटी जिन्यापाशी लावलेली होती, पण तिच्यावर कुणीतरी सायकल टेकवून ठेवली होती.

दारातल्या चष्मेवाल्या गृहस्थाने हलक्या आवाजात विचारलं, "दोन शब्द बोलणार ना?"

"त्याच्यासाठीच आलोय."

"नाव सांगा, लिहून घेतो."

पहिले वक्ते उठले. "आपला कृष्णात गेला, यावर विश्वास बसत नाही," एवढं म्हणाले आणि त्यांना हुंदका आला. हौसेराव थक्क झाले. शेजारच्या माणसाच्या कानाशी लागून म्हणाले, "सुरुवात एक नंबर. पण इतक्या लवकर रडायला नको होतं. पुढं काय राहिलं?" शेजारच्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं आणि खुर्ची थोडी सरकवली. वक्ते खाली बसले तेव्हा हौसेरावांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. बाकीचे शिकाऊ दिसतात, त्यांच्या लक्षात आलं नसेल, असं त्यांना वाटलं.

दुसरे बोलले, तिसऱ्या बोलल्या, आणि मग नाव पुकारलं गेलं, "श्रीयुत हौसेराव निकम."

हौसेराव माईकपाशी गेले. आणि काय सांगायचं, पाय कापेनात, घसा कोरडा पडेना. सगळं खोटंच आहे म्हटल्यावर भ्यायचं कुणाला? त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि सुरू केलं.

"कृष्णातराव माझे जिवाचे दोस्त. रोज सकाळी मार्केटच्या गेटपाशी आम्ही एक कटिंग चहा दोघांत प्यायचो. मनातलं फक्त माझ्यापाशी बोलायचे. शेवटच्या भेटीत माझा हात धरला आणि म्हणाले, हौसेराव, सगळं मिळालं. फ्लॅट मिळाला, पेन्शन मिळालं. एकच इच्छा राहिली." इथे हौसेराव थांबले. थांबले ते इच्छा सुचेना म्हणून. हॉलमध्ये मात्र टाचणी पडली तर ऐकू आली असती. "म्हणाले, आयुष्यात एकदा... एक शेळी पाळायची होती."

पुढच्या रांगेतला एक धिप्पाड माणूस ताडकन उभा राहिला. म्हणाला, "म्हणजे बाबा हॉस्पिटलमध्ये 'शे... शे...' करत होते ते शेळी म्हणत होते?"

दुसऱ्या टोकाला बसलेला तसाच एक माणूस उठला आणि हौसेरावांकडेच बघत म्हणाला, "आणि आम्ही शेक द्यायचा म्हणून गरम पाण्याची पिशवी लावत बसलो."

हौसेरावांना दोघांचं काम फार आवडलं. खाली येऊन त्यांनी पहिल्याला शाबासकी दिली. "छान. तुम्ही त्यांचे मुलगे झालाय का?"

"झालोय म्हणजे?" तो म्हणाला. "आहोत. मी उदयसिंह. तो धाकटा, शिवतेज."

नेमक्या त्याच वेळी वरच्या मजल्यावरून चाळीस-पन्नास गळ्यांचा एकसुरात आवाज आला, "नमस्कार, मी धीट आहे."

हौसेरावांनी वर पाहिलं, मग फोटोकडे, मग पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून बसलेल्या बाईंकडे. अंगातलं सगळं रक्त चपलांत उतरलं. खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण आता प्रसंग खरा होता. शब्द फुटेना. नुसतं "हॅलो" म्हणाले.

"काका, रडू नका," शिवतेज म्हणाला. "बाबांची इच्छा आम्ही पुरी करू. पण शेळी तुम्ही निवडायची."

आता या दोघा भावांबद्दल सांगितलं पाहिजे. एकाच बिल्डिंगमध्ये उदयसिंह दुसऱ्या मजल्यावर, शिवतेज तिसऱ्या. गच्चीवर टीव्हीचा अँटेना कुणाचा कुठल्या कोपऱ्यात, यावरून तीन वर्षं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. आई शेवंताबाई सकाळी एकाकडे आणि संध्याकाळी दुसऱ्याकडे जेवायच्या.

पुढच्या बुधवारी हौसेराव दोघांना घेऊन उरणच्या बाजूला एका गावात गेले. वाटेत तीनदा खरं सांगायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा खोकला आला. गोजरा नावाच्या एका म्हातारीने करड्या रंगाची शेळी दाखवली.

"शेली ग्वाड हाय," गोजरा म्हणाली. "पन एकली ठेवू नका. मानसं दिसली नाय का बोंबलते."

परतीच्या एसटीत कंडक्टरने शेळीचं तिकीट फाडलं. उदयसिंह एका बाकावर, शिवतेज त्याच्या मागच्या बाकावर आणि शेळी मधल्या वाटेत. द्रोणागिरीचा फाटा गेला तशी ती ओरडायला लागली. सगळी बस वळून बघू लागली.

"तिला खिडकीजवळ घे," शिवतेज म्हणाला.

उदयसिंह सरकला. "मग तू इकडे ये. मागनं कशी धरणार तिला?"

एवढंच बोलले. पण तीन वर्षांत पहिल्यांदा बोलले. हौसेराव सगळ्यात मागच्या बाकावर बसून घाम पुसत राहिले.

शेळी सोसायटीत आली आणि सोसायटीचं सुख गेलं. सम तारखांना ती दुसऱ्या मजल्यावर, विषम तारखांना तिसऱ्यावर. सेक्रेटरीने 'इमारतीत शेळी पाळण्यास मनाई आहे' अशी नोटीस लावली, ती तिने लावल्या दिवशीच खाल्ली. दुसरी नोटीस उंचावर लावली, तर मागचे दोन पाय जिन्याच्या कठड्यावर टेकून तीही खाल्ली. सभा भरली. सेक्रेटरी तावातावाने उठले, तेव्हा दोघे भाऊ एकदम म्हणाले, "वडिलांची शेवटची इच्छा आहे." दोघांना एका बाजूने बोलताना बघून सेक्रेटरीच खाली बसले.

इकडे हौसेरावांची झोप उडाली. पुढच्याच रविवारी ते वरचा मजला नीट विचारून घेऊन सुवाणी मंडळात दाखल झाले. क्षिप्रा मॅडम शिकवायला होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कशासाठी शिकायचंय?"

"एक खरं बोलायचंय," हौसेराव म्हणाले.

"किती मिनिटांचं?"

"दोन मिनिटांचं. पण दहा रविवार लागतील."

दहाही रविवार ते गेले. श्वास कुठे घ्यायचा, हात कुठे ठेवायचे, समोरच्याच्या डोळ्यांत कसं बघायचं, सगळं घोटलं. तेजश्रीच्या लग्नात ते चक्क चार वाक्यं बोलले. जावयाचं नाव चुकलं, पण आवाज खणखणीत होता. व्याह्यांनीसुद्धा मान डोलावली.

लग्नाचा मांडव उतरला तसे हौसेराव शेवंताबाईंकडे गेले. विषम तारीख होती. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बाई मेथीची जुडी निवडत होत्या. पानं पातेल्यात, देठं शेळीला. घरात दुसरं कुणी नव्हतं. हौसेरावांनी श्वास घेतला, हात शिकवल्याप्रमाणे ठेवले आणि एकाही ठिकाणी न अडखळता सगळं सांगितलं. सायकलीमागची पाटी, खोटा चहा, खोटी दोस्ती, खोटी शेळी.

शेवंताबाईंनी पुढची काडी निवडायला घेतली.

"चांगलं बोललात, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण मला हे त्याच दिवशी कळलं होतं. ह्यांना चहा चालत नव्हता."

"मग ते शे... शे... म्हणत होते ते?"

शेवंताबाईंनी एक देठ शेळीपुढे धरलं. "चाळीस वर्षांत ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. शेवटी मारत होते. माझं नाव मला कळणार नाही होय?"

हौसेरावांनी विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"दोघं पोरं एकमेकांशी बोलायला लागली होती. त्यात मी कशाला बोलू?" बाई म्हणाल्या. "तुमीबी आता कुणाला सांगू नका. आणि बरं झालं आलात. ही गाभण आहे. पिल्लं झाली की एक तुमाला न्यायचंय. पोरांनी ठरवलंय. बाबांचे जिवाचे दोस्त म्हणून."

हौसेराव घरी आले आणि सोफ्यावर बसले. बाळाबाईंनी पाणी दिलं, सगळी हकीकत काढून घेतली आणि गॅलरीतल्या कुंड्यांकडे एकवार बघितलं.

"मग तुमी काय म्हणालात त्यांना?"

"मी?" हौसेराव म्हणाले. "मला एक शब्द सुचला नाही."