कागद-विच्छेदन यंत्रांचा तुलनात्मक अहवाल

कार्यालयासाठी कागद फाडण्याचे एक यंत्र घ्यावे, असा आदेश वरून आला. आदेश बारा पानांचा होता आणि त्याच्या चौदा प्रती आल्या होत्या. पहिल्याच परिच्छेदात, कार्यालयांमध्ये कागद फार साठले आहेत, याबद्दल चिंता व्यक्त केलेली होती.

आदेशात यंत्राचे नाव 'कागद-विच्छेदन यंत्र' असे होते. ते थेट विकत घ्यायचे नव्हते. बाजारात मिळणाऱ्या तीन यंत्रांची 'घरगुती व कार्यालयीन अशा दोन्ही वापरांच्या दृष्टीने' तुलना करून अहवाल सादर करायचा होता. कार्यालयाच्या यंत्राचा घराशी काय संबंध, असे कुणी विचारले नाही. प्रश्न विचारला की उत्तर शोधायचे काम विचारणाऱ्याच्याच गळ्यात पडते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते.

न विचारताही काम कपाटकाकांच्या गळ्यात पडले. कपाटकाका म्हणजे कार्यालयाचे रेकॉर्डकीपर. गेली तेहेतीस वर्षे ते एकोणीस लोखंडी कपाटांच्या मधल्या बोळात टेबल टाकून बसत होते. कुठलाही कागद मागा, ते उठायचे, गुडघ्यावर हात ठेवून एक सुस्कारा सोडायचे आणि तिसऱ्या मिनिटाला कागद तुमच्या हातात ठेवायचे. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने आठ दिवस उरले होते. मेव्हणीच्या गावात त्यांनी दोन खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. पुढच्या ओसरीवर दोन खुर्च्या बसतात की नाही, ते टेपने मोजूनही आले होते. बसत होत्या.

"साहेब, मी जन्मभर कागद सांभाळलेत," कपाटकाका म्हणाले. "फाडायचं काम दुसऱ्या कुणाला द्या."

"म्हणून तर तुम्हाला देतोय," साहेब म्हणाले. "सांभाळायची सवय असलेला माणूसच नीट फाडेल. बाकीचे फाडतात, पण त्यात शिस्त नसते."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा विक्रेता तीन यंत्रे घेऊन आला. त्याने ती खिडकीखाली ओळीने मांडली आणि रुमालाने पुसली. पहिले यंत्र कागदाच्या लांब पट्ट्या काढत होते. दुसरे नखाएवढे तुकडे करत होते. तिसरे थेट भुसाच करत होते.

"घरासाठी यातलं कुठलं चांगलं?" कपाटकाकांनी विचारले.

"घरात कोणाकोणाला वाचता येतं, त्यावर आहे," विक्रेता म्हणाला.

पहिले यंत्र घरगुती चाचणीसाठी कपाटकाकांनी घरी नेले. सोबत एक छापील नमुना होता. 'घरातील गोपनीय कागद, किमान पन्नास. प्रत्येकाचे थोडक्यात वर्णन द्यावे. मात्र मजकूर उघड करू नये.' कपाटकाका आणि त्यांची बायको सकाळपासून खण उपसत बसली. बायको घरी शिवणकाम करायची, त्यामुळे कागदांपेक्षा चिंध्याच जास्त निघाल्या. अकरा वाजेपर्यंत विजेची जुनी बिले, औषधांच्या चिठ्ठ्या आणि बंद पडलेल्या पंख्याचे हमीपत्र एवढेच हाती लागले.

"यात गोपनीय काय आहे?" बायकोने हमीपत्र उलटसुलट करून विचारले.

"पंखा हमीच्या मुदतीतच बिघडला होता. दुकानदाराशी भांडायला नको म्हणून मुदत संपली असं मी तुला सांगितलं होतं."

बायकोने हमीपत्र यंत्रात सारले. मग उठून ती शिलाई मशीनपाशी गेली, खालच्या खणातून घडी घातलेला एक निळा कागद काढला आणि न उलगडता तोही यंत्रात घातला.

"काय होतं ते?"

"गोपनीय."

"अगं, पण रकान्यात वर्णन लिहायचंय. काय लिहू?"

"गोपनीय असं लिहा."

कपाटकाकांनी तसे लिहिले. त्या दिवशी जेवताना दोघे फारसे बोलले नाहीत. अहवालाच्या घरगुती भागात त्यांनी अभिप्राय दिला: 'यंत्र घरगुती वापरास योग्य आहे. वापरानंतर घरात जी शांतता पसरते, तिच्या मानाने यंत्राचा आवाज सुसह्य आहे.'

कार्यालयीन चाचणी मात्र अडली. चाचणीसाठी खराखुरा गोपनीय कागद हवा होता. पण मंजूर यंत्र असल्याशिवाय कार्यालयाचा कुठलाही कागद नष्ट करता येत नव्हता, आणि चाचणीत कागद नष्ट केल्याशिवाय कुठलेही यंत्र मंजूर होत नव्हते. सात जणांच्या चाचणी समितीच्या तीन बैठका झाल्या. तिन्हींचे इतिवृत्त कपाटकाकांनी कपाटात लावले. शेवटी आस्थापना सांभाळणाऱ्या हेडक्लार्कबाईंना आदेशाच्या नवव्या पानावर वाट सापडली. कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक अभिलेखातील कागद, त्याच कर्मचाऱ्याची लेखी संमती असल्यास, चाचणीसाठी वापरता येत होता.

हे वाचून दाखवताच सगळ्यांना एकदम कामे आठवली. बाई मात्र कपाटकाकांकडे पाहत राहिल्या.

"तुमचं सेवापुस्तक तसंही संपत आलंय, काका. शेवटचं एक कोरं पान द्या. एकच."

कपाटकाकांनी संमतीपत्रावर सही केली. समिती दुसऱ्या यंत्राभोवती उभी राहिली. पान एकच घालायचे होते. पण ते फाडून काढले तर ते पुस्तकाचे पान राहणार नाही, सुटा कागद होईल, अशी शंका साहेबांनी काढली. म्हणून पुस्तक हातात धरून फक्त पानाचे टोक यंत्राच्या तोंडाशी नेले. पुस्तक कपाटकाकांनी स्वतः दुहेरी दोऱ्याने शिवलेले होते. त्यांच्या शिवणीतून आजवर एकही पान निसटले नव्हते. तेव्हाही निसटले नाही. पहिल्या पानामागे दुसरे गेले, दुसऱ्यामागे तिसरे, आणि पाठोपाठ पुठ्ठा वाकून आत शिरला. कपाटकाका दोन्ही हातांनी पुस्तक ओढत होते. घरगुती यंत्र असते तर कदाचित ते जिंकले असते.

"दोरासुद्धा गेला," विक्रेता भारावून म्हणाला. "हे आमच्या पत्रकात पण लिहिलेलं नाही."

समितीने दुसऱ्या यंत्राला 'अत्युत्तम' शेरा दिला. अहवाल त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत वर पोचायचा होता, म्हणून तो लगेच कपाटकाकांनीच लिहिला. शेवटचे वाक्य साहेबांनी सांगितले: 'या यंत्राने विच्छेदित केलेला कागद कोणत्याही मानवी प्रयत्नाने पुन्हा जोडता येत नाही.' त्याखाली अहवाललेखक म्हणून कपाटकाकांनी सही केली.

सकाळी ते हेडक्लार्कबाईंच्या टेबलापाशी गेले. बाईंच्या चेहऱ्यावर खरेच वाईट वाटल्याचे दिसत होते.

"अवघड आहे, काका. पुस्तक नाही म्हणजे जन्मतारीख नाही. जन्मतारीख नाही म्हणजे वय नाही. वयच नसलेल्या माणसाला मी निवृत्त कसं करू?"

"जन्माचा दाखला आहे माझ्याकडे."

"त्यावरून तुमचा जन्म झाला, एवढंच कळतं. आमच्याकडे तुम्ही किती साली जन्मलात, ते पुस्तकात होतं."

"मग मी तुमच्या नोकरीत नाहीच असं समजा. मी घरी जातो."

"नोकरी संपली अशी नोंद व्हायला हवी ना? ती कुठे करणार?"

कपाटकाकांनी यंत्राचा डबा उघडला, तुकडे दोन पिशव्यांत भरले आणि घरी नेले. बायकोने पिशव्यांत हात घालून मूठभर तुकडे काढले आणि खिडकीशी धरून पाहिले. मग शिवणाचे टेबल रिकामे केले.

तिने आधी शाईवरून ढीग केले. तेहेतीस वर्षांत नोंदी करणारे सात कारकून होऊन गेले होते. प्रत्येकाची शाई वेगळी, अक्षराचा कल वेगळा. साहेब लोकांच्या हिरव्या सह्यांचा ढीग सगळ्यात लहान होता. कपडा जोडताना जसा ताणा पाहायचा, तशा तिने कागदाच्या रेषा पाहिल्या आणि चिमट्याने एकेक तुकडा पातळ कागदावर चिकटवत गेली. आलेल्या गिऱ्हाइकांना महिनाभर थांबा म्हणून सांगितले. मान धरली, डोळ्यांतून पाणी यायला लागले, पण ती उठली नाही. कपाटकाका कार्यालयातून आले की समोर बसून तुकडे निवडून देत.

तेविसाव्या दिवशी तिचा हात थांबला.

"तुम्हाला बढती मिळाली होती?"

कपाटकाका पुढचा तुकडा शोधू लागले.

"नोकरीच्या एकविसाव्या वर्षी. बदलीच्या गावी. आणि इथे लिहिलंय, 'कौटुंबिक कारणास्तव नाकारली'. तेव्हा माझी आई आपल्याकडे अंथरुणाला खिळून होती." तिने तुकडा जागेवर दाबला. "मला कधी बोलला नाहीत."

"गोपनीय होतं."

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. मग दोघांनाही हसू आले. त्या दिवशी त्यांनी दोन पाने जास्त जोडली.

एकेचाळिसाव्या दिवशी पुस्तक पूर्ण झाले. आधीपेक्षा जाड झाले होते, पण एक अक्षर कमी नव्हते. बायको इस्त्रीची साडी नेसून कपाटकाकांबरोबर कार्यालयात आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. कपाटकाका आत गेले.

साहेबांनी एकेक पान उलटून पाहिले. बोटाने जोड चाचपले.

"अप्रतिम काम आहे," ते म्हणाले. "पण हे पुस्तक अस्तित्वात असू शकत नाही."

"तुमच्या हातातच आहे, साहेब."

"हातात असणं वेगळं." साहेबांनी अहवाल काढून शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले. "विच्छेदित कागद कोणत्याही मानवी प्रयत्नाने जोडता येत नाही. ही सही कुणाची?"

"माझी."

"म्हणजे एक तर तुमचा अहवाल खोटा, नाहीतर हे पुस्तक खोटं. अहवाल खोटा असेल तर तुमची चौकशी होईल, आणि चौकशी चालू असलेल्या माणसाला निवृत्त करता येत नाही. पुस्तक खोटं असेल तर पुस्तकच नाही, आणि त्याशिवायही निवृत्त करता येत नाही. माझी जबरदस्ती नाही. यातलं तुम्हाला जे सोयीचं असेल ते घ्या."

चौकशी म्हणजे सहीची चौकशी, सहीची म्हणजे समितीची, समितीची म्हणजे सात संसारांची. कपाटकाकांनी आयुष्यात कुणाचा कागद गहाळ होऊ दिला नव्हता. त्यांनी पुस्तक खोटे मानायला संमती दिली.

खोटा अभिलेख सापडल्यास तो तातडीने नष्ट करावा, असा नियम होता. खबरदारी म्हणून या खेपेला तिसरे यंत्र वापरायचे ठरले. रेकॉर्ड त्यांच्याच ताब्यात असल्याने ते काम कपाटकाकांनीच केले. पान-पान करून. बाहेर बाकावर बायकोला आवाज ऐकू येत होता. ते बाहेर आले तेव्हा ती बाकावरून उठली.

"चला, घरी जाऊ," ती म्हणाली.

"अजून पाच वाजले नाहीत," कपाटकाका म्हणाले.

निवृत्तीची तारीख आली आणि गेली. कपाटकाका वेळेवर हजर होते. आठवडाभर मेव्हणीकडे जाऊन यावे म्हणून त्यांनी रजेचा अर्ज केला; पण रजा मांडायला पुस्तक नव्हते. बायकोने महिनाभर वाट पाहिली आणि मग ती एकटी दोन खोल्यांत राहायला गेली. तिला निवृत्त व्हायला कुणाची नोंद लागत नव्हती.

ती गेली त्याच आठवड्यात हेडक्लार्कबाई कपाटांच्या बोळात आल्या. त्यांच्या पुस्तकात उशिरा येण्याबद्दल तीन ताशेरे होते आणि वर्षभरात त्या निवृत्त होणार होत्या.

"काका, ती चाचणी एकदाच झाली," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "अशा गोष्टी पुन्हा तपासून पाहायला हव्यात." आणि त्यांनी पदराखालून आपले सेवापुस्तक काढले. संमतीपत्र त्या भरूनच घेऊन आल्या होत्या.

मग टायपिस्ट आला. मग दोन्ही शिपाई आले. एका दुपारी साहेबांनी दार लावून घेतले आणि एक जाड पाकीट पुढे केले. त्यात काय आहे ते कपाटकाकांनी पाहिले नाही. दोन महिन्यांत कार्यालयात कुणालाच वय, ताशेरा किंवा भूतकाळ उरला नाही. वार्षिक तपासणीत एकाही कर्मचाऱ्याविरुद्ध एकही प्रतिकूल नोंद नसलेले हे एकमेव कार्यालय ठरले, आणि त्याचा आदर्श सर्वांनी घ्यावा असे परिपत्रक निघाले. परिपत्रकाच्या चौदा प्रती आल्या.

आदर्श पाहायला लोक येऊ लागले. म्हणून रस्त्याच्या बाजूला एक खिडकी उघडली आणि 'नागरिकांसाठी' अशी पाटी लावली. पहिल्याच दिवशी रांग कोपऱ्यापर्यंत गेली. नावाजलेले प्राध्यापक स्वतःची जुनी गुणपत्रिका घेऊन आले. एक डॉक्टर एका रोग्याचा तपासणी अहवाल घेऊन आले. म्हातारपणी आईवडिलांना आळीपाळीने सांभाळू, असा सह्यांनिशी लिहिलेला कागद तीन भाऊ मिळून घेऊन आले. तिघांचे बरेच वर्षांनी एकमत झाले होते. एका गृहस्थाने बायकोला दिलेला माफीनामा आणला होता. त्यांच्या मागे सहा माणसे सोडून त्यांची बायको उभी होती, पण दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही.

रांगेत धक्काबुक्की होत नाही. सगळी सभ्य माणसे आहेत. कागदाची लिहिलेली बाजू पोटाशी धरून उभी असतात, एकमेकांकडे पाहून हसतात आणि देशातली कागदपत्रे किती वाढली आहेत यावर बोलतात. कपाटकाका खिडकीशी बसून एकच प्रश्न विचारतात, टाचण्या काढल्यात का. त्यापलीकडे ते काही विचारत नाहीत, काही वाचत नाहीत.

रांग हळू सरकते, म्हणून पुष्कळ लोक वेळ घालवायला काहीतरी वाचत उभे राहतात. तुम्हीही वाचताय, ते ठीकच आहे. फक्त तो डाव्या हातातला कागद एवढा घट्ट मुठीत धरू नका. चुरगळलेला कागद यंत्रात अडकतो आणि मग तो उलगडून पाहावा लागतो.