एकशेवीस झाडं दाखवा

औषधी गांजाच्या शेतीला सेंट व्हिन्सेंट या कॅरिबियन बेटाच्या सरकारने परवानगी दिली, त्याला काही वर्षं झाली होती. तरी ऑर्मंड ऑलिव्हिएरच्या अंगवळणी ते पडलं नव्हतं. परवाना त्याने चौकटीत घालून भिंतीवर लावला होता आणि त्याच्याकडे पाठ करून तो जेवत असे.

आज शेतकी खात्याच्या मिस जुनेल डोंगरावर आल्या होत्या. ऑर्मंडने अर्जात तीन वाणांची मिळून एकशेवीस झाडं लिहिली होती. तेवढीच मोजून मिळाली तर परवाना पुढे चालू. कमी किंवा जास्त भरली तर रद्द. पुढच्या हंगामात अख्ख्या डोंगराने कुठलं वाण लावायचं, तेही हीच झाडं बघून ठरायचं होतं.

"झाडं कुठायत?" मिस जुनेलनी विचारलं.

"समोरच."

"समोर आरारूटचं पीक आहे."

"त्याच्या आत."

लोक वाण निवडताना फूल बघतात, वास बघतात, कीड बघतात. ऑर्मंड तीस वर्षं एकच गोष्ट बघत आला होता : पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसतं का? ठेंगणं देशी वाण आरारूटमध्ये, उंच देशी बांबूच्या कडेला आणि परदेशी बियाणं केळीखाली, अशी त्याने सोय लावली होती. तासाभरात सत्तेचाळीस झाडं सापडली.

"बाकीची?"

"आहेत की."

"पण कुठे?"

"ते मला आठवत असतं मिस, तर त्याला लपवणं कसं म्हणायचं?"

तेवढ्यात डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. त्यात पर्यटक होते. मिस जुनेल वळल्या तर ऑर्मंड जागेवर नव्हता. थोड्या वेळाने आरारूटमधून त्याचा आवाज आला, "अठ्ठेचाळीस."

त्याची बायको इसिल्मा भाजलेला नीरफणस सोलत पायरीवर बसली होती. "कॉर्पोरल कॅडोगनला बोलाव," ती म्हणाली.

"त्या माणसाला मी माझी झाडं दाखवू?"

"तू कशाला? तो तुला दाखवेल."

कॉर्पोरल कॅडोगन पोलिसातून निवृत्त होऊन खालच्या वळणावर राहत होता. बावीस वर्षं त्याने ऑर्मंडची झाडं उपटली होती. निवृत्तीनंतर दोघांचं बोलणं बंद होतं, कारण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. निरोप मिळताच तो इस्त्रीची पँट घालून, काठी घेऊन आला आणि कुणाला काही न विचारता उतारावर चढला.

"इथे तेरा. त्या दगडामागे नऊ. ऑर्मंड, अजून तिथेच लावतोस? जरा डोकं चालव रे."

"जागा चांगली आहे."

"चांगली होती म्हणूनच मी आधी तिथे जायचो."

झाडं मोजता मोजता मिस जुनेलनी विचारलं, "यातलं डोंगराला कुठलं योग्य वाटतं?"

ऑर्मंडने तोंड उघडलं, पण उत्तर कॉर्पोरलने दिलं. "परदेशी नको. दोन बोटांनी उपटून यायचं. पावसात बुरशीही धरतं. उंच देशी जोराच्या वाऱ्यात आडवं होतं, मला नुसतं गोळा करावं लागायचं. हे ठेंगणं मात्र, याला मी दोन शिपाई लावायचो. ते दोघं दमायचे, मूळ जमिनीतून हलायचं नाही. तिथे वाऱ्याची काय बिशाद?"

"वाण माझं आणि मत याचं," ऑर्मंड पुटपुटला. पण आपल्या ठेंगण्याचं कौतुक ऐकून तो कॉर्पोरलला चढावर हात द्यायला पुढे झाला होता.

मिस जुनेलनी 'ठेंगणं देशी' लिहून घेतलं. दुपारी एकशेविसावं झाड सापडलं. ऑर्मंडने टोपी काढून घाम पुसला.

कॉर्पोरल थांबला नाही. बावीस वर्षांची सवय होती. पपईमागच्या झुडपाची फांदी काठीने बाजूला करून तो म्हणाला, "आणि इथे..."

सगळे थांबले. फांदीमागे सहा फूट उंच, हिरवंगार एकशेएकविसावं झाड डुलत होतं. मिस जुनेलचं पेन वर झालं. ऑर्मंड कॉर्पोरलकडे बघत राहिला.

कॉर्पोरलने एकदा झाडाकडे, एकदा ऑर्मंडकडे पाहिलं.

"...इथे भेंडी आहे," तो शेवटी म्हणाला.

मिस जुनेल शेतकीच्या पदवीधर होत्या. त्यांनी जवळ जाऊन त्या भेंडीचं एक पान बोटात धरून पाहिलं.

"यंदा भेंडी छान आलीय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फाइल मिटली.