आत्याच्या भारोभार गूळ

म्हशाला म्हसोबाच्या जत्रेला जायचं म्हणून दारात गाडी जुंपून तयार होती आणि कमळाकर आपल्या आत्याला भात तोलायच्या तागडीत बसायची गळ घालत होता.

त्याला कारण होतं. कमळाकर मुंबईला विमान चालवायला शिकत होता. हवेत तो बरा होता. घोडं पेंड खात होतं ते कागदावर. विमानात कोण कुठे बसलं, सामान कुठे ठेवलं, यावरून तोल राहील की नाही हे काढायचं एक गणित असतं. त्या गणितानं त्याला एकदा आडवं केलं होतं. वडिलांनी, म्हणजे देवरामांनी, तेव्हाच सुनावलं की विमान पुरे, आता शेती बघ, आणि पोराशी बोलणंच टाकलं. सकुआत्या मध्ये पडली म्हणून आणखी एक खेप मिळाली. ती परीक्षा आता आठवड्यावर आली होती. या वेळी नापास झाला तर विमान कायमचं सुटणार होतं आणि पुन्हा मध्ये पडायला आत्यालाही तोंड उरणार नव्हतं.

सरावाला विमान काही मुरबाडात मिळत नाही. पण मागे वजन जास्त झालं की बैलगाडी उलाळ होते, तिचं जू आभाळाकडे जातं, आणि विमानही तसंच शेपटीवर बसतं, हे डोक्यात आल्यापासून कमळाकरला दारातली गाडी निराळीच दिसू लागली होती. आत्या कायम गाडीच्या मागच्या टोकाला पाय सोडून बसायची. बाई हाडापेरानं मजबूत. तिच्या तोलाला पुढे किती ओझं ठेवायचं, हे तिला तोलल्याशिवाय कळणार कसं? कागद-पेन्सिल घेऊन तो ओटीवर सज्ज झाला.

आत्या तागडीत बसली. तिनं दोरीकडे पाहिलं, कमळाकरकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. पावसाळ्यात ती तापानं महिनाभर पडून होती. सगळ्यांनी आशा सोडली होती.

"म्हंजे माझ्या दुखन्यात तू नवस बोल्ला व्हतास?" ती म्हणाली. "माझ्या भारोभार गूळ? आन कुनाला कळू पन दिलं नायस?"

कमळाकरनं तोंड उघडलं. पण आत्या पदरानं डोळे पुसत होती, आणि त्या महिन्यात आपण मुंबईत पुस्तकात डोकं खुपसून होतो, हे आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

तेवढं पुरलं. शेजारच्या सावळीनं ऐकलं, म्हणजे आळीनं ऐकलं. देवराम बाहेर आले, तागडीतल्या बहिणीकडे बघत राहिले आणि किती दिवसांनी पोराशी बोलले. "नवस बोल्लास तर फेडाया पायजे," एवढंच. गाडीवान धोंडीला बाजारात पिटाळलं. गुळाच्या ढेपांवर ढेपा चढल्या, आत्याचं पारडं जमिनीवरून सुटलं, बायकांनी तिला कुंकू लावलं.

कमळाकर मनात खूश झाला. आसाच्या मागे आत्या, तितक्याच अंतरावर पुढे गूळ. गणित तंतोतंत सुटलं. वाटेत तो ते वडिलांना समजावून सांगू लागला आणि तेही मान डोलवू लागले.

"म्हंजे इमान कलतच नाय?"

"हिशोब बरोबर असल्यावर कसं कलेल, बाबा?"

इकडे आत्याचं दानसत्र सुरू झालं होतं. वाटेतल्या वाड्यांमधून माणसं विचारीत, कुणाचा गूळ? नवसाच्या गुळाला नाही म्हणता येत नाही. आत्या भाच्याचं कौतुक सांगे आणि प्रत्येक वाडीला एक ढेप देववी. धोंडी मुकाट्यानं ढेपा उतरवी, कारण त्याच्याही तोंडात गूळ होता. बाप-लेक बोलण्यात इतके रंगले होते की पुढची बाजू रिकामी झालेली कुणी पाहिलीच नाही.

ओढा ओलांडून गाडी चढणीला लागली आणि उलाळ झाली. जू धोंडीला घेऊन वर गेलं, बैल माना ताणून उभे राहिले, आणि आत्या गाडीतल्या पेंढ्यासकट घसरत जाऊन ओढ्याच्या वाळूत बसली.

लागलं काही नव्हतं. तिनं उठवायला हात पुढे केला. पण कमळाकर गाडीच्या रिकाम्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"पेट्रोल," तो म्हणाला. "आत्या, निघताना असतं तेवढं पोचताना नसतं! ते वाटेत जळतं. मी निघतानाचाच तोल काढला. मागच्या खेपेला पन हेच चुकलं."

"आदी मला उठव रे," आत्या म्हणाली. "मंग पेट्रोल बग."

"ज्याला बैलगाडी सांभाळत नाय तो इमान काय चालवनार," देवराम पुटपुटले.

"पडले मी," आत्यानं भावाला गप्प केलं. "तू कशाला कन्हतोस?"

परीक्षेत कमळाकरनं आधी निघतानाचा तोल काढला, मग वाळूत बसलेली आत्या आठवून पोचतानाचा. तो पास झाला. मुरबाडात त्याचं सगळं श्रेय म्हसोबाला गेलं.

पुढे परवाना हाती आल्यावर त्यानं पहिल्यांदा आत्याला विमानात बसवलं. तिच्या मांडीवर गुळाची एक ढेप होती. पट्टा बांधताना त्याला राहवेना.

"आत्या, तो नवस मी बोल्लोच नव्हतो गो."

"ठावं हाय मला," आत्या म्हणाली. "नवस फेडनारा कागुद-पेन्शील घेऊन बसतो व्हय? पन तुजा बाप तुज्याशी बोलत नव्हता. त्याला कायतरी निमित पायजे व्हतं."

ढेप मागे ठेवावी म्हणून कमळाकरनं हात पुढे केला, तर आत्यानं ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"ही हितंच ऱ्हाईल," ती म्हणाली. "या खेपेला उतरल्यावर वाटू."